जुनीं जर्मन युद्धपदकें : त्यांची ओळख व त्यांचें मोल

पराक्रमाबद्दल मनुष्याच्या छातीवर धातूचा एखादा तुकडा लावण्याची रीत बहुतेक सर्व राष्ट्रांत आहे. तो तुकडा सोन्याचा असो, कांशाचा असो, कीं साध्या लोखंडाचा असो, त्याची खरी किंमत ठरविण्यास चार प्रश्न विचारावे लागतात : तो कोणीं दिला, केव्हां दिला, कोणास दिला व कशासाठीं दिला ? या प्रश्नांचीं उत्तरें हरवलीं म्हणजे पदक हातीं राहतें, पण त्याचा अर्थ नाहींसा होतो. ज्या देशांचीं पदकें जगभर विखुरलीं आहेत, आणि म्हणूनच ज्यांच्यासंबंधानें गैरसमज व लबाडी हीं दोन्ही फार चालतात, अशा देशांत जर्मनी हा प्रमुख होय.

दोन महायुद्धांत जर्मनीनें लक्षावधि पदकें वाटलीं. त्यांपैकीं पुष्कळशीं जिंकणाऱ्या सैन्यांतील शिपायांनीं आठवण म्हणून आपापल्या देशीं नेलीं. या युद्धांत आपल्याकडील शिपाईही होते. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं व शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलीमध्यें जें शौर्य गाजविलें व ज्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तें जर्मन सैन्याशीं लढतांनाच गाजविलेलें होतें. तेव्हां एखाद्या जुन्या शिपायाच्या ट्रंकेंत किंवा जुन्या बाजारांतील एखाद्या पथारीवर काळा क्रूस अगर जर्मन अक्षरांचें पदक आढळलें, तर त्यांत फारसें नवल नाहीं. अशी वस्तु हातीं आल्यास ती ओळखावी कशी, तिची किंमत कशावरून करावी, आणि किंमत करण्यापूर्वीं तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

सर्व जर्मन पदकांत अधिक परिचित तें 'आयर्न क्रॉस', म्हणजेच लोहक्रूस. त्याचा जन्म प्रशियाच्या आपत्काळांत झाला. १८०६ सालीं नेपोलियननें प्रशियाचा पुरता पराभव केला. राज्याचा मोठा भाग गेला व खजिना रिता झाला. पुढें नेपोलियनची रशियावरील स्वारी फसली, तेव्हां प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यानें त्याच्याविरुद्ध उठण्याचा निश्चय केला, आणि १८१३ सालीं ब्रेस्लाउ शहरीं लोहक्रूसाची स्थापना केली. (हें शहर आज पोलंडमध्यें असून त्यास व्रोत्सवाफ म्हणतात.) आज्ञापत्रावर राजानें १० मार्च ही तारीख घातली; कारण १८१० सालीं वारलेली त्याची राणी लुईझा हिचा तो जन्मदिवस होता. राजानें स्वतः काढलेल्या कच्च्या आकृतीवरून प्रसिद्ध वास्तुशिल्पी कार्ल फ्रीडरिश शिंकेल यानें पदकाचा आराखडा तयार केला. मध्ययुगांतील ट्यूटॉनिक पंथाचे योद्धे पांढऱ्या झग्यावर जो काळा क्रूस धारण करीत, त्याची छाया या आकृतींत दिसते.

राजानें लोखंडच कां निवडलें ? एक तर काळ कठीण होता, व त्या काठिण्याची खूण सैनिकाच्या छातीवर असावी अशी त्याची इच्छा होती. दुसरें असें कीं, त्याच सुमारास प्रशियांतील स्त्रिया आपले सोन्याचे दागिने युद्धनिधीस देऊन त्यांच्या मोबदल्यांत लोखंडाच्या अंगठ्या घेत होत्या. 'सोनें दिलें, लोखंड घेतलें' अशा अर्थाचीं अक्षरें त्या अंगठ्यांवर असत. ज्या घरांत सोनें नाहीं त्या घरांत लोखंडास मान आला. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तोंपर्यंत मानचिन्हें दर्जा पाहून दिलीं जात. सेनापतीचें चिन्ह वेगळें व शिपायाचें वेगळें. लोहक्रूस मात्र शिपायापासून सेनापतीपर्यंत सर्वांस एकच होता. म्हणजे हें पदक मुळांतच असें योजिलें होतें कीं, सराफाच्या तराजूवर त्यास कांहींच किंमत येऊं नये.

आतां ओळखीकडे वळूं. लोहक्रूस चार वेळां काढण्यांत आला : १८१३, १८७०, १९१४ व १९३९. १८१३ च्या क्रूसाची एक बाजू अगदीं साधी असे. दुसऱ्या बाजूस वर मुकुट व राजाचीं आद्याक्षरें, मध्यें ओक वृक्षाचीं तीन पानें व खालीं '१८१३' हें वर्ष असे. १८७० सालीं फ्रान्सशीं युद्ध जुंपलें तेव्हां पूर्वींच्या साध्या बाजूवर मुकुट, मध्यें 'डब्ल्यू' हें विल्यम राजाचें अक्षर व खालीं '१८७०' असा ठसा आला. १९१४ सालीं तीच रचना ठेवून वर्ष तेवढें बदललें. १९३९ मध्यें हिटलरनें मुकुट व अक्षर काढून मध्यभागीं आपल्या पक्षाचें चिन्ह घातलें व खालीं '१९३९' हें वर्ष कोरविलें. हें चिन्ह आपल्या उंबरठ्यावरील मंगल स्वस्तिकासारखें दिसलें, तरी तें कोनावर तिरकें उभें केलेलें असतें, आणि त्याच्या नांवाखालीं जीं कृत्यें झालीं त्यांचा मांगल्याशीं कांहीं एक संबंध नाहीं. आजच्या जर्मनींत तें चिन्ह सार्वजनिक रीतीनें मिरविणें हा गुन्हा आहे. विद्या, कला व इतिहास यांच्या कामापुरतीच सवलत आहे.

येथें एक मोठा चकवा आहे. पुढील तिन्ही वेळच्या दुसऱ्या वर्गाच्या क्रूसांवर पाठीमागच्या बाजूस मूळ स्थापनेचें '१८१३' हें वर्ष कायम ठेवलेलें आहे. त्यामुळें ज्याच्या हातीं क्रूस उलटा पडतो तो हर्षानें सांगूं लागतो कीं, आपणांस नेपोलियनच्या काळचें पदक सांपडलें ! वस्तुतः तें बहुधा १९१४ चें असतें. 'दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें' ही म्हण येथें अक्षरशः लागूं पडते. यास्तव पहिला नियम हाच कीं, कोणतेंही पदक दोन्ही बाजूंनीं पाहिल्यावांचून त्याचें वर्ष सांगूं नये.

लोहक्रूसाचे मुख्य वर्ग दोन. दुसऱ्या वर्गाचा क्रूस कडीला ओंवलेल्या फितीनें लावीत. पहिल्या वर्गाचा क्रूस डाव्या छातीवर टांचणीनें बसवीत व त्यास फीत नसे. १८१३ ते १९१४ च्या फिती काळ्यापांढऱ्या असत. काळ्या फितीस पांढरी किनार असली म्हणजे तो मान प्रत्यक्ष लढणाऱ्याचा, व पांढऱ्या फितीस काळी किनार असली म्हणजे तो न लढतां अन्य सेवा करणाऱ्याचा समजावा. १९३९ च्या फितींत मध्यें रुंद तांबडा पट्टा, त्याच्या दोहों बाजूंस पांढरा व कडेला काळा असे रंग येतात. तथापि फीत ही बदलतां येणारी वस्तु आहे. केवळ तिच्यावरून निर्णय करूं नये.

लोहक्रूसाखेरीज इतर पदकेंही पुष्कळ आहेत. १८७०-७१ च्या फ्रान्सवरील विजयानंतर सर्व सैन्यास एक वाटोळें पदक देण्यांत आलें. लढणाऱ्यांचें पदक फ्रेंचांपासून जिंकलेल्या तोफांच्या कांशाचें केलें होतें, आणि 'जिंकलेल्या तोफेपासून' अशा अर्थाचे जर्मन शब्द त्याच्या कडेवर उमटविलेले असत. न लढणाऱ्यांचें पदक पोलादाचें होतें. भिंग घेऊन पदकाची कडही वाचावी लागते ती अशासाठीं.

१९१८ पूर्वींचें जर्मन साम्राज्य अनेक राज्यांचें मिळून झालेलें होतें, व बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग इत्यादि राज्यें आपापलीं पदकें देत असत. त्यांवरील मुकुट, सिंह किंवा राजांचीं आद्याक्षरें पाहून राज्य ओळखतां येतें. हांबुर्ग, ब्रेमेन व ल्यूबेक या तीन व्यापारी नगरांनींही पहिल्या महायुद्धांत तांबड्या मिन्याचे सारख्या घडणीचे क्रूस काढले. त्यांच्या मध्यभागीं किल्ला असल्यास तो हांबुर्गचा, किल्ली असल्यास ब्रेमेनचा, व दोन तोंडांचा गरुड असल्यास ल्यूबेकचा. ३ मार्च १९१८ रोजीं जखमी सैनिकांसाठीं एक लंबवर्तुळाकार बिल्ला सुरू झाला. त्यावर शिरस्त्राण व तरवारी असतात. एक-दोन जखमांस काळा, तीन-चार जखमांस रुपेरी व पांच किंवा अधिक जखमांस सोनेरी, असा त्याचा क्रम होता. निळ्या मिन्याचा व चार सोनेरी गरुडांचा 'पूर ल मेरित' हा क्रूस मात्र अति दुर्मिळ होय. तो १७४० सालीं फ्रेडरिक दि ग्रेट यानें काढला. त्याचें नांव फ्रेंच आहे, कारण त्या दरबाराची भाषाच फ्रेंच होती. विमानवीर रिश्तहोफेन यास तो १९१७ च्या जानेवारींत मिळाला. कोणी असा क्रूस स्वस्तांत देऊं लागला, तर तो नकली आहे असेंच धरून चालावें.

आतां खऱ्याखोट्याची परीक्षा. १९१४ चा अस्सल लोहक्रूस बहुधा तीन भागांचा असतो : मध्यें काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि त्यास दोहों बाजूंनीं धरणारी चांदीची अगर रुपेरी धातूची दुपदरी चौकट. चौकटीचे दोन पदर डाख देऊन कडेला सांधलेले असतात. म्हणून भिंगांतून पाहिलें असतां कडेवर सांध्याची बारीक रेघ सांपडते. नकली क्रूस पुष्कळदां एकाच तुकड्यांत ओतलेला असतो. त्यास सांधा नसतो, ठशांच्या कडा बोथट असतात, व पृष्ठभागावर बुडबुड्यांच्या बारीक खळग्या दिसतात. दुसरी कसोटी लोहचुंबकाची. गाभा लोखंडाचा असल्यास चुंबक त्यास ओढतो, चांदीच्या चौकटीस ओढीत नाहीं. अस्सल क्रूसांतही क्वचित् पितळी गाभा आढळतो, व हल्लींचे लबाड कारागीरही लोखंड वापरूं लागले आहेत. तेव्हां ही कसोटी एकटी पुरेशी नाहीं, इतरांच्या जोडीनें ती उपयोगी पडते. तिसरी खूण कडीवरची. तीवर करणाऱ्याचीं एकदोन बारीक अक्षरें किंवा आंकडा असतो. उदाहरणार्थ, 'एफ-आर' हीं अक्षरें बर्लिनच्या फ्रीडलेंडर बंधूंच्या पेढीचीं होत. चौथी खूण फितीची. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झालेलीं उजळवणीचीं रसायनें व कृत्रिम धागे अतिनील दिव्याखालीं निळसर पांढरे चमकतात. जुनी सुती अगर रेशमी फीत सहसा तशी चमकत नाहीं.

याबरोबरच दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. पहिल्या वर्गाचे क्रूस कित्येक अधिकारी सराफाकडून स्वतःच्या खर्चानें करवून घेत. त्यामुळें घडणींत थोडा भेद असला, म्हणजे तो क्रूस खोटाच असें म्हणतां येत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, १९५७ सालीं पश्चिम जर्मनीनें कायदा करून जुन्या सैनिकांस आपलीं पदकें पुन्हां लावण्याची मोकळीक दिली, पण त्यांवर नाझी चिन्ह नसावें अशी अट घातली. १९३९ च्या क्रूसावर त्या चिन्हाच्या जागीं ओकचीं तीन पानें आलीं. हा क्रूस नकली नव्हे. फक्त तो युद्धकाळीं दिलेला नव्हे, मागाहून केलेला आहे. विकणारा ही गोष्ट सांगतो कीं लपवितो, यावरून त्याचा प्रामाणिकपणा कळतो.

किंमत ठरविण्याचा पहिला आधार दुर्मिळता हा होय. १८१३ च्या पहिल्या वर्गाचे क्रूस ७०० हूनही कमी दिले गेले, १८७० चे सुमारें १,३००, तर १९१४ चे २ लाखांहून अधिक. १९१४ च्या दुसऱ्या वर्गाचे क्रूस तर सुमारें ५० लाख वाटले गेले. म्हणून शंभर वर्षांहून जुनें असूनही हें शेवटचें पदक बाजारांत महाग नाहीं. 'जुनें तें मोलाचें' हा समज येथें फसवा ठरतो. दुसरा आधार म्हणजे पदकाची स्थिति, व तिसरा आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे त्याची कुळकथा. पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश पदकांवर सैनिकाचें नांव, क्रमांक व पलटण कोरलेली असे. आपल्याकडील शिपायांच्या त्या वेळच्या पदकांवरही तीं सांपडतात. जर्मन पदकें बहुतेक निनांवी आहेत. त्यामुळें सोबतचें सनदपत्र, सैनिकाची सेवापुस्तिका, एखादें पत्र, गणवेशांतील छायाचित्र, किंवा एकाच पट्टीवर शिवलेलीं दोनचार पदकें हींच त्याची साक्ष. तीं बरोबर असलीं म्हणजे साध्या पदकाचेंही मोल कितीतरी पटींनीं वाढतें. कांहीं व्यापारी कागद एकास व पदक दुसऱ्यास विकून अधिक पैसे मिळवितात. असें केल्यानें एका मनुष्याची ओळख कायमची पुसली जाते, व मागाहून ती कोणासही जुळवितां येत नाहीं.

आपल्या घरांतून एक सवय फार हौसेची आहे, ती म्हणजे जुनी धातु दिसली कीं चिंच व राख लावून लख्ख घांसणें. तांब्या-पितळेच्या भांड्यांस तें योग्य. पदकास तें घातक आहे. काळ्या गाभ्यावरील रंग निघून जातो, कांशावर वर्षानुवर्षें चढलेली तपकिरी छटा नाहींशी होते, आणि पारखी मनुष्य तत्काळ किंमत कमी करतो. मऊ कोरड्या फडक्यानें धूळ पुसावी, पदक कोरड्या जागीं ठेवावें, व त्याजवर तेल, लिंबू किंवा पॉलिश यांपैकीं कांहींही लावूं नये.

आतां एक असें पदक सांगतों कीं, ज्याची बाजारांतील किंमत अगदीं थोडी आहे. १३ जुलै १९३४ रोजीं जर्मनीचे अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनीं १९१४-१८ च्या युद्धाचा 'मानाचा क्रूस' काढला. त्यावर पानांच्या चक्रांत '१९१४' व '१९१८' अशीं दोन वर्षें आहेत. त्याचे प्रकार तीन. लढलेल्यांच्या क्रूसास आडव्या तरवारी आहेत. न लढतां सेवा केलेल्यांच्या क्रूसास त्या नाहींत. हे दोन्ही क्रूस कांस्यवर्णी. तिसरा बिनतरवारीचा व काळ्या रंगाचा. तो युद्धांत पडलेल्यांच्या विधवांसाठीं व मातापित्यांसाठीं होता. हा क्रूस मिळण्यास अर्ज करावा लागे. एकंदर ८० लाखांहून अधिक क्रूस दिले गेले, आणि त्यांपैकीं सुमारें ७ लाख काळे होते. हिंडेनबुर्ग २ ऑगस्ट १९३४ रोजीं वारले. पुढें सनदपत्रांवर हिटलरच्या पदाचें नांव आलें. ज्या आईनें मुलगा गमावून सोळा-सतरा वर्षें लोटलीं होतीं, तिला दुसऱ्या युद्धाची तयारी करणाऱ्या मनुष्याच्या नांवानें हा काळा तुकडा मिळाला. व्यापाऱ्याच्या यादींत हा क्रूस सामान्य मालांत मोडतो, कारण तो विपुल आहे. पण तो विपुल कां आहे, याचा विचार वाचकांनीं करावा.

पदक मनुष्याचें रक्षण करीत नाहीं, हेंही याच इतिहासांत दिसतें. पहिल्या महायुद्धांत सुमारें १ लाख जर्मन यहूदी सैन्यांत होते. त्यांपैकीं सुमारें १२,००० मरण पावले, व अनेकांनीं लोहक्रूस मिळविले. खुद्द हिटलरला ऑगस्ट १९१८ मध्यें पहिल्या वर्गाचा लोहक्रूस मिळाला, त्याची शिफारस करणारा अधिकारी लेफ्टनंट ह्यूगो गुटमन हा यहूदीच होता. १९३३ सालीं यहूद्यांस सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला, तेव्हां आघाडीवर लढलेल्यांस हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहावरून सूट मिळाली. १९३५ मध्यें तीही गेली. पुढें गुटमनला देश सोडून परागंदा व्हावें लागलें. ज्यांस जातां आलें नाहीं, त्यांतील कित्येक वृद्ध पदकधारी सैनिक टेरेझीनच्या छावणींत धाडले गेले. ज्या राज्यानें छातीवर क्रूस लावला, त्याच राज्याच्या वारसांनीं त्या छातीची पर्वा केली नाहीं. आज अशा सैनिकाच्या नांवाचें सनदपत्र एखाद्या क्रूसासोबत सांपडलें, तर तो क्रूस म्हणजे न्यायासनापुढील साक्षीदारच होय.

विद्यार्थिमित्रांनो, जुनीं पदकें जमविण्याचा छंद चांगला आहे. तो इतिहास, भूगोल, धातुविद्या व परभाषा या चारींचें थोडथोडें ज्ञान खेळाखेळांत देतो. परंतु पदक ओळखतां येणें व त्याच्या मालकाच्या पक्षाचा गौरव करणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. वैद्य रोग ओळखतो, म्हणून तो रोगाचा चाहता ठरत नाहीं. आणि पालकांस विनंति इतकीच कीं, आपल्या घरीं कोणत्याही सैन्याचें पदक असल्यास तें मोडींत देऊं नये, घांसूं नये, व त्याचे कागद त्यापासून तोडूं नयेत. घरांतील वडील माणसांस तें कोणाचें, कोठून आलें, हें विचारून एका कागदावर लिहावें, खालीं तारीख घालावी, व तो कागद पदकाजवळ ठेवावा. हें काम आजच करावें, कारण सांगणारें माणूस उद्यां असेलच असें नाहीं. आणि तें गेल्यावर कोणताही पारखी, कितीही मोठें भिंग घेऊन बसला, तरी तेवढी एक गोष्ट त्या धातूंतून वाचूं शकणार नाहीं.